हवामानाच्या वेबिनारमध्ये आपण का नाही?



गेल्या रविवारी व्हॉट्सॲपवर एक यादी आली. वर मथळा होता, 'येत्या पंधरवड्यातील ऑनलाइन कार्यक्रम'. खाली हवामान धोरण, हवामान वित्त, स्वच्छ ऊर्जा, हरित रोखे, कार्बन बाजार असे विषय आणि प्रत्येकापुढे तारीख, वेळ, नोंदणीची लिंक. प्रवेश सगळ्यांना मोफत. पाठवणारी माझी एम.ए.ची मैत्रीण. ती आता पुण्यात संशोधनाचे काम करते. तिने शेवटी लिहिले होते, "तुझ्या कामाचे काही असेल तर बघ."

माय शेजारी बसून मेथी निवडत होती. तिने विचारले, "काय वाचून राह्यली?"

"उन्हावर मीटिंगा हायेत, मोबाईलवर."

"कोन घेते?"

"मोठे लोकं. दिल्लीचे, मुंबईचे, बाहेर देशातले."

"उन्हावर? मंग थे एसीत बसून घेत असतीन," माय म्हणाली आणि हसली. मला हसू आले नाही. कारण तिचे म्हणणे खरे होते, आणि तरीही त्या मीटिंगांना आपण जायला हवे असे मला दोन वर्षांपासून वाटते आहे. का वाटते, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी माझी चूक कबूल करते. अशा याद्या मला बऱ्याच आधीपासून येत होत्या. मी त्या न उघडता पुसून टाकायचे. हवामान बदल हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, झाडे लावून सेल्फी काढणाऱ्यांचा विषय आहे, असे माझे पक्के मत होते. आपल्यापुढे अत्याचाराच्या केसेस, शिष्यवृत्ती, खासगीकरण, बेघरांचे प्रश्न. त्यात हे कार्बनचे कौतुक कशाला? माझे हे मत मे २०२४ मध्ये बदलले, आणि ते कोणत्या पुस्तकाने बदलले नाही.

आमचे घर जुने शहरात, मोर्णा नदीच्या या बाजूला. भिंती विटांच्या, वर टिन. अकोल्याचे ऊन कसे असते ते वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायची गरज नाही. पण टिनाखालचे ऊन वेगळे. दुपारी बारा ते चार घरात बसण्यापेक्षा माणूस बाहेर निंबाखाली बसतो. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तरी ती तापलेली असते. त्यात वीज गेली की अख्खी गल्ली ओट्यावर येऊन बसते.

त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केले. दंगल नाही, मोर्चा नाही, केवळ उन्हासाठी जमावबंदीचे कलम. आस्थापनांनी कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे द्यावेत, खासगी शिकवण्यांनी दुपारचे वर्ग घेऊ नयेत, असे त्या आदेशात होते. आदेश चांगलाच होता. देशभरच्या वर्तमानपत्रांत अकोल्याचे नाव आले.

त्याच आठवड्यात माय कामावर भोवळ येऊन पडली. ती तेव्हा एका दालमिलच्या शेडमध्ये धान्य निवडायला आणि पोती झाडायला जायची. शेडमध्ये पंखा होता, पण तो मुनीमजींच्या टेबलापाशी होता. पाण्याचा माठ होता, पण उठून पाणी प्यायला जाणाऱ्या बाईचे पोते मागे पडायचे. सोबतच्या बायांनी तिला ऑटोत घालून जवळच्या डॉक्टरकडे नेले. सलाईन लावली. मी पोहोचले तेव्हा ती डोळे मिटून पडली होती आणि पहिला शब्द बोलली तो हा, "आजची हाजरी लावली काय त्यानं?"

तिची तीन दिवसांची मजुरी गेली. केसपेपरवर डॉक्टरांनी 'अशक्तपणा' असे लिहिले. ऊन हा शब्द कुठेच नाही. उष्माघात तर नाहीच. म्हणजे माझी माय उन्हाने पडली, याची नोंद सरकारच्या कोणत्याही वहीत नाही. ना दवाखान्याच्या, ना मिलच्या, ना जिल्ह्याच्या. ज्या दिवशी जिल्ह्यात उन्हासाठी १४४ कलम लागले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे.

त्या रात्री तिच्या उशाशी बसून मी मोबाईल चाळत होते. त्यात मैत्रिणीचा जुना मेसेज सापडला. शहरी उष्णता आणि श्रमिक या विषयावरचा वेबिनार, तारीख उलटून गेलेली. मी तो उघडलाही नव्हता. माझ्या घरातल्या प्रश्नावर कुठेतरी चर्चा झाली होती, आणि दार उघडे असूनही मी गेले नव्हते.

पुढचा वेबिनार मी चुकवला नाही. सकाळी अकराची वेळ. म्हणजे जो रोजंदारीवर जातो, त्याला शक्यच नाही. भाषा इंग्रजी. बोलणारे हुशार होते, आणि मला सांगितले पाहिजे की बहुतेकांना कळकळही होती. दोन तासांत 'असुरक्षित समुदाय' हा शब्द मी किती वेळा ऐकला, मोजले नाही. 'जात' हा शब्द मात्र एकदाही आला नाही. एम.ए.ला आम्हाला उलरिख बेक या जर्मन समाजशास्त्रज्ञाचे 'रिस्क सोसायटी' शिकवले होते. आधुनिक काळातले धोके वर्गाच्या भिंती ओलांडून सगळ्यांनाच गाठतात, असा त्याच्या मांडणीचा एक भाग आहे. परीक्षेत मी त्यावर चांगले गुण मिळवले. पण जुने शहरातून पाहिले की दिसते, ऊन सगळ्यांवर पडते हे खरे, पण टिन सगळ्यांच्या डोक्यावर नाही. जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर आला तेव्हा पाऊस पूर्ण अकोल्यावर पडला होता. पाणी मात्र नदीकाठच्या, खोलगट वस्त्यांत शिरले. खोलगटात कोण राहते आणि उंचावर कोण राहते, हे निसर्गाने ठरवलेले नाही. ते गावाने ठरवले आणि गावाचे शहर झाले तरी बदलले नाही.

मी प्रश्नांच्या रकान्यात मराठीत लिहिले, "ज्यांचे छप्पर टिनाचे आणि जागा नझूलची, त्यांना थंड छताच्या योजनेत कसे बसवणार?" सूत्रसंचालक म्हणाले, एक प्रश्न प्रादेशिक भाषेत आला आहे, वेळेअभावी उत्तर ईमेलने देऊ. ईमेल आला नाही.

दुसऱ्या खेपेला मी आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका अभियांत्रिकीच्या मुलीला सोबत घेतले. तिने तोच प्रश्न इंग्रजीत टाकला. या वेळी वक्त्या बाईंनी तो वाचला, थांबल्या, आणि म्हणाल्या की यावर आमच्याकडे माहिती नाही. तुमच्या वस्तीत अशी किती घरे आहेत, किती जण आजारी पडतात, मजुरी किती बुडते, याची नोंद तुमच्याकडे आहे काय?

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. नोंद आमच्याकडेही नव्हती. इतकी वर्षे मी याच वस्तीत समाजकार्य करते. जात प्रमाणपत्रे काढून दिली, रेशनकार्डे काढून दिली, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले. पण उन्हाने माझ्या वस्तीत काय केले, हे मी कधी लिहून ठेवले नव्हते. मित्रहो, बोलावले नाही म्हणून रागावणे सोपे आहे. बोलावल्यावर हातात कागद नसणे, ही आपली बाजू आहे. तीही पाहिली पाहिजे.

आता पैशाचे बोलू. कारण या वेबिनारांतला खरा विषय पैसा आहे. आणि पैशाचा विषय आपल्याला नवा नाही.

२००९ मध्ये कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. तो शब्द त्यांच्याच हिशेबाने २०२२ मध्ये पुरा झाला, आणि त्यातलाही मोठा हिस्सा कर्जाच्या रूपात होता. २०२४ मध्ये बाकूला गरीब देशांनी दरवर्षी १,३०० अब्ज डॉलरची मागणी केली. ठरले ते ३०० अब्ज, आणि तेही २०३५ पर्यंत. आपल्या देशाने बाकूत याला जाहीर हरकत घेतली, आणि ती योग्यच होती. ज्यांनी दोनशे वर्षे धूर सोडला त्यांनी भरपाई दिली पाहिजे, ही भारताची भूमिका न्यायाची आहे.

पण हाच न्याय देशाच्या आत लावायचा की नाही? ज्याने धूर सोडला नाही, ज्याच्या घरी एसी नाही, गाडी नाही, त्याला उन्हाची झळ जास्त बसते. मग देशाच्या आतला त्याचा हिस्सा कुठे आहे?

एक उदाहरण पाहा. २०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर स्वच्छ ऊर्जा उपकर लावला. आधी टनाला ५० रुपये, वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० रुपये. आपल्या जिल्ह्यातल्या पारसच्या औष्णिक केंद्रात २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. असा कोळसा जाळून झालेल्या विजेचे बिल तुम्ही-आम्ही भरतो. म्हणजे हा उपकर शेवटी आपल्याही खिशातून गेला. २०१७ पर्यंत असे सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यातले स्वच्छ ऊर्जेच्या निधीत सुमारे ३० हजार कोटीच गेले आणि प्रत्यक्ष कामांवर सुमारे १६ हजार कोटीच लागले. पुढे जीएसटी आला आणि तो उपकर राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला.

नाव एकाचे, खर्च दुसऱ्यावर. वाचून काही आठवते का? अनुसूचित जाती उपयोजनेचे हेच झाले आहे. १९७९-८० मध्ये विशेष घटक योजना सुरू झाली, लोकसंख्येच्या प्रमाणात निधी हे तत्त्व ठरले. आणि मग तो निधी कधी रस्त्यात, कधी पुलात दाखवला गेला. दिल्लीत तर २०१० च्या राष्ट्रकुल खेळांसाठी यातले शेकडो कोटी वळवले गेले. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये यासाठी कायदा केला. आपल्या महाराष्ट्रात त्या मागणीसाठी अजून निवेदनेच चालू आहेत.

म्हणून मी म्हणते, हवामान वित्त हा शब्द ऐकून घाबरू नका. कागदावरचा निधी कसा शोधायचा, तो कुठल्या शीर्षाखाली वळवला हे कसे काढायचे, माहितीच्या अधिकारात काय विचारायचे, हे आपल्या कार्यकर्त्यांइतके कोणाला येते? उपयोजनेच्या लढाईत आपण जे शिकलो, तेच इथे लागणार आहे. फरक एवढाच की उपयोजनेचा निधी वळवला गेल्यावर आपण जागे झालो. इथे योजना अजून आखल्या जात आहेत. आता गेलो तर वेळेवर गेलो असे होईल.

आपल्या वऱ्हाडातही हवामानाचा पैसा येऊन गेला आहे. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प म्हणजे पोकरा राबवला गेला. बदलत्या हवामानाला तोंड देणारी शेती हे त्याचे उद्दिष्ट, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली गावे त्यात होती. गरज खरी होती. खारपाणपट्ट्यातले पाणी पिऊन पाहिलेल्याला ती सांगावी लागत नाही. त्यात भूमिहीनांसाठी शेळीपालनासारखे घटकही होते, ते नाकारत नाही. पण ठिबक, शेततळे, शेडनेट, विहीर हा सगळा मोठा भाग सातबारावर चालतो. कर्ज राज्याच्या नावावर असते. ते फेडताना साबणावर कर भरणारा भूमिहीनही वाटेकरी. लाभाच्या वेळी मात्र सातबारा दाखवा.

स्वच्छ ऊर्जेचेही तसेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार, ३ किलोवॅट आणि पुढे ७८ हजार रुपये अनुदान. योजना चांगली आहे. ज्यांचे स्वतःचे पक्के घर आहे त्यांनी जरूर घ्यावी. राज्याने २०२५ मध्ये दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटच्या आत वीज वापरणाऱ्या घरांसाठी जादा अनुदानाची स्मार्ट योजनाही आणली. तिची चौकशी आपल्या वस्तीत प्रत्येकाने करावी. पण दोन्हींची पहिली अट छत आहे. भाड्याने राहणाऱ्याचे काय? नझूलच्या जागेवर ज्याच्या नावाचा कागद नाही, त्याचे काय? ज्याच्या टिनाला पॅनेलचे वजन पेलवत नाही, त्याचे काय? उद्या विजेचा मुख्य खर्च छतावरून सुटू लागला, तर ज्याला छत नाही तोच महाग वीज घेणारा उरेल.

शेतात पाहा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. ज्याच्याकडे जमीन आहे त्याला घरबसल्या उत्पन्न. सरकारी जमीन मात्र प्रकल्पाला नाममात्र भाड्याने जाते. आता सरकारी जमीन म्हणजे गावात कोणती? गायरान. आपल्याकडची ई-क्लास. आणि ई-क्लासवर पिढ्यानपिढ्या कोण कसत आले? दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो लोक तुरुंगात गेले, ते याच जमिनीसाठी. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. ज्यांचे पट्टे झाले ते वाचले. पण कितीतरी कुटुंबांकडे आजही फक्त दंडाच्या पावत्या आहेत. त्यांच्या वावरात उद्या सौर पॅनेल उभे राहिले, तर विकासाच्या आकड्यात मेगावॅट वाढतील. उठवलेल्या कुटुंबाचा आकडा कुठे लागेल?

मी सौर ऊर्जेच्या विरोधात नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण आपल्या लोकांना विकासविरोधी ठरवायला लोक टपलेले असतात. उलट, विजेच्या बाजूने या देशात ज्यांनी सगळ्यात आधी आणि ठामपणे मांडणी केली, त्यांत बाबासाहेब आहेत. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाणी व वीज ही खाती त्यांच्याकडे होती. ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी मांडले की स्वस्त आणि भरपूर वीज मिळाल्याशिवाय उद्योग वाढणार नाहीत आणि उद्योग वाढल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही. त्याआधी, १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवरच्या निबंधात त्यांनी जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगाकडे वळवण्याची गरज सांगितली होती. म्हणजे त्यांच्या विचारात वीज हे भूमिहीनाच्या सुटकेचे साधन होते. आज तीच वीज भूमिहीनाला जमिनीवरून उठवणार असेल, तर प्रश्न विजेचा नाही, मालकीचा आहे. आणि वित्त? १९२३ मध्ये 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी. वित्त आपला विषय नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

आणखी एक. १९४६ मध्ये कारखान्यातल्या कामाचा आठवडा ४८ तासांचा झाला, ते विधेयक बाबासाहेबांनी मांडले होते. मला तर तो उन्हाचाही कायदा वाटतो. कारण उन्हापासून मजुराला वाचवणारी गोष्ट पत्रक नव्हे, कामाचे तास आहेत. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. पारा वाढतो आहे आणि तासही वाढत आहेत. या दोन बातम्या एकत्र वाचणारा कोणी वेबिनारमध्ये मला भेटला नाही. ते वाचन आपणच करून तिथे मांडले पाहिजे.

आता आक्षेप. आमच्या विहारात चळवळीतले एक ज्येष्ठ काका आहेत. नामांतराच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेले. मी भिंतीवर वेबिनार दाखवायचे म्हटले तेव्हा ते म्हणाले, "बाई, अट्रॉसिटीच्या केसा पडून हायेत, पोरं शिष्यवृत्तीसाठी रडून राह्यले, आन् तू कार्बन घेऊन बसली. हे एनजीओचे धंदे हायेत. बोलायचं, फोटो काढायचा, घरी जायचं."

काकांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. त्यात तथ्य आहे. वेबिनारमध्ये निर्णय होत नाहीत. तिथे हात वर केल्याने कोणाचे छप्पर बदलत नाही. आणि आपल्या हातात वेळ, माणसे, पैसा मोजका आहे. तो कुठे लावायचा हे ठरवावेच लागते. पण मी काकांना एवढेच म्हणाले, "काका, लाभार्थी कोण याची व्याख्या शासन निर्णयात यायच्या आधी कुठंतरी बोलली जाते. आधी अहवालात, मग सादरीकरणात, मग मंत्रालयात. आपल्या हातात निर्णय येते तवा व्याख्या पक्की झालेली असते. मग आपण मोर्चा काढतो. मोर्चा काढूच. पण व्याख्या लिहून राह्यले तवा आपला एक तरी माणूस तिथं पायजे ना?"

काका काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी विहाराची किल्ली आणून दिली.

पहिल्या दिवशी नऊ जण आले. प्रोजेक्टर उसना, आवाज फाटका. अभियांत्रिकीची मुलगी इंग्रजीतले ऐकून मराठीत सांगायची. अर्ध्या तासाने चार जण उठून गेले, त्यांचेही चुकले नाही. उरलेल्या पाच जणांनी मिळून एक वही सुरू केली. गल्लीत टिनाची घरे किती, घराचा कागद कोणाकडे आहे, उन्हाळ्यात कोण कधी पडले, किती दिवसांची मजुरी बुडाली, केसपेपरवर काय लिहिले. पहिल्या पानावर पहिले नाव मी मायचे लिहिले. वही अजून लहान आहे. तिच्यातले आकडे मी इथे देत नाही, कारण ते अजून तपासायचे आहेत. ज्या दिवशी देईन त्या दिवशी कोणी खोडून काढू नये, असे मला वाटते.

जगात यावर काहीच होत नाही असेही नाही. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, तो दक्षिण आशियातला पहिला. गुजरातेत 'सेवा' या कष्टकरी महिलांच्या संघटनेने २०२३ मध्ये उष्णतेचा विमा सुरू केला. ठरलेल्या अंशांच्या वर पारा गेला की बाईच्या खात्यात पैसे, पंचनाम्याची भानगड नाही. तामिळनाडूने २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेला राज्याची आपत्ती ठरवले आणि मृताच्या कुटुंबाला ४ लाख रुपये देण्याचे जाहीर केले. या तिन्ही गोष्टी मला वेबिनारमध्ये कळल्या. म्हणजे एसीत बसलेल्यांकडूनही कामाचे मिळते, ते घ्यायला लाज कसली?

तर मित्रहो, येत्या पंधरवड्यातल्या यादीतले तीन कार्यक्रम आम्ही निवडले आहेत. एक वित्ताचा, एक सौर ऊर्जेचा, एक शहरातल्या उष्णतेचा. तुमच्याकडेही अशा याद्या येत असतील. पुसू नका. नोंदणी मोफत असते. एकट्याने बसू नका, विहारात, अभ्यासिकेत, वसतिगृहात चार जण मिळून बसा. इंग्रजी येणाऱ्याने न येणाऱ्याला सांगा. आणि प्रत्येक ठिकाणी हे चार प्रश्न लिहून टाका, इंग्रजीत आणि मराठीतही.

पहिला, या योजनेत भूमिहीन आणि बिनकागदाच्या घरात राहणाऱ्यांसाठी किती निधी राखला आहे?

दुसरा, लाभार्थ्यांची माहिती जातनिहाय ठेवली जाते का आणि ती जाहीर होते का?

तिसरा, प्रकल्पासाठी गायरान घेण्याआधी तिथे कसणाऱ्यांची संमती आणि हिस्सा कसा ठरतो?

चौथा, उन्हामुळे मजुरी बुडाली तर ती कोण भरून देणार?

उत्तर मिळाले तर लिहून ठेवा. मिळाले नाही तर तेही तारखेसह लिहून ठेवा. पुढे निवेदनाला, माहिती अधिकाराच्या अर्जाला आणि गरज पडली तर मोर्च्याला तीच वही लागणार आहे.

येत्या गुरुवारी दुपारी चारला वित्ताचा कार्यक्रम आहे. माय आता दालमिलला जात नाही, घरीच गोधड्या शिवते. काल तिने विचारले, "त्या मीटिंगीत आपल्याले बोलू देतात काय?"

मी म्हटले, "लिहू देतात. बोलू दिलं तर बोलू."

"मंग मी येतो," ती म्हणाली. "हाजरीचं मीच सांगतो त्यायले."

जय भीम.

जुने शहर, अकोला